विहिणी निघाल्या समुद्राला

५ मार्च

विहीणबाई,

नमस्कार, आणि नमस्काराच्या मागोमाग लगेच बातमी, कारण बातमी पोटात धरून नमस्कार लांबवत बसणं मला जमत नाही.

भिंगरीचं पत्र तुम्हालाही आलंच असेल. दोघी आज्यांना तिनं एकाच मजकुराची पत्रं एकाच दिवशी पेटीत टाकली म्हणे, म्हणजे कुणी रुसायला नको. हुशार आहे पोर. डोळे तुमच्याकडचे, जीभ माझ्याकडची, असं सगळे म्हणतात. नाक कुणाकडचं त्याचा निकाल अजून लागायचाय.

तर पत्रात लिहिलंय की जूनमध्ये तिची बदली लांबच्या एका बेटावर होणार, आणि एकदा तिकडे गेली की दोन-तीन वर्षं काही येत नाही. म्हणून एप्रिलमध्ये एका आजीनं आठवडाभर तिच्याकडे समुद्रावर यावं. एकाच आजीनं, कारण खोली एवढीशी, आणि घरमालकीण एका वेळी एकाहून जास्त पाहुणा उंबऱ्याच्या आत घेत नाही. कोण येणार ते तुम्ही दोघी आपसांत ठरवा, असं लिहून मोकळी झाली. भांडण लावून द्यायची ही रीत मात्र तिच्या बापाची.

तुम्ही म्हणाल, फोन असताना ही बाई कागद का खरडते? विहीणबाई, फोन मधल्या खोलीत आहे. मी फोनवर बोलले की अख्खं घर ऐकतं, आणि शेजारीही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात उभा जन्म गेला, त्या यंत्रांच्या धडधडीत हळू आवाजात बोलणारी बाई मुकीच समजायची. लिहायलाही मी तिथंच शिकले, चादरींवरचे शिक्के वाचून वाचून. म्हणून माझं अक्षर असं चौकोनी येतं. हसू नका.

आता मुद्द्याचं. तिथं आपली भिंगरी म्हणे वाळूत रोवलेल्या उंच खुर्चीवर बसते, गळ्यात शिट्टी, अंगात लाल बंडी, आणि कुणी बुडायला लागलं की धावत जाऊन ओढून काढते. जीवरक्षक! जी पोर आंघोळीला बोलावलं की पलंगाखाली लपायची! शेकडो माणसं तिचं ऐकतात म्हणे. कसली कसली माणसं, किती देशांची, किती भाषांची. कशी दिसत असेल हो वर बसलेली? पाय लोंबकळत असतील का तिचे?

पण जायचं तर तुम्हीच जा. तुम्ही शिकलेल्या, ऑफिसात टाइपरायटरवर काम केलेल्या, चार ठिकाणी वावरलेल्या. मी काय, माझे गुडघे हे असे. खुर्चीतून उठताना माझ्याआधी तेच बोलतात. नाही नाही, तुमचाच मान. मी फक्त सहज म्हणून एक टोपी आणून ठेवलीय, रुंद काठाची, निळी. उन्हाची असते बाजारात, घेतली, कुणाच्याही कामी येईल.

तुमचीच,
विहीण

११ मार्च

विहीणबाई यांस,

तुमचे ५ तारखेचे पत्र मिळाले. गुडघ्यांमुळे तुम्हाला जाणे शक्य नाही आणि मी जावे अशी तुमची इच्छा आहे, हे कळले. त्याप्रमाणे भिंगरीला मी येत असल्याचे कळवले आहे.

तुमचा मोठेपणा. खरे सांगायचे तर मला वाटले होते की तुम्ही हट्ट धराल. मी तयारीही केली होती, काय उत्तर द्यायचे याची.

टोपी कामी येईल. पाठवून द्यावी. काठ खालच्या बाजूला वाकतो का तेही लिहावे, चष्म्याला लागतो.

तुमची,
विहीण

१५ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र पोचलं. आनंद झाला. खूपच झाला. इतका, की मी जेवलेच नाही.

टोपी धुवायला टाकलीय. वाळायला वेळ लागेल. तिचा काठ कुठल्याही बाजूला वाकतो, भरवसा नाही.

तुम्ही निघालातच आहात तर चार गोष्टी सांगाव्यात म्हणून लिहिते, नाहीतर मागाहून म्हणाल, विहिणीला माहीत होतं आणि तोंडातून शब्द काढला नाही. समुद्राची हवा खारी असते. खाऱ्या हवेनं चष्म्याच्या काड्या गंजतात. आमच्या गल्लीतल्या शिंपिणीची मावशी गेली होती, तिच्या चपला लाटेनं पायातून काढून नेल्या, दोन्ही. एक तरी ठेवायची, पण नाही. ती अनवाणी परत आली आणि तेव्हापासून चिडचिडी झाली. त्या गावात रस्त्यारस्त्यावर गाणीबजावणी चालते म्हणे, एका कोपऱ्यावर ढोल, दुसऱ्यावर पिपाणी, आणि माणसं रस्त्यातच नाचतात, कारण विचारलं तर कारण नसतं. दुकानाच्या पाट्या पाच-सहा लिप्यांत. तुम्हाला शिस्तीची सवय. कसं सोसवेल?

शिवाय भिंगरीची खोली तिसऱ्या मजल्यावर. जिना गोल गोल जातो. तुम्हाला चक्कर येते ना? नसेल येत तर येईल.

मला काय, तुमच्या काळजीनं लिहिते. तुम्ही निश्चिंत जा.

टोपी अजून ओली आहे.

विहीण

१९ मार्च

माझी भिंगरी,

हे पत्र फाडून टाक. आधी वाच, मग फाड. आणि तिकडच्या आजीला यातलं अक्षरही कळता कामा नये, तुला माझी शपथ.

पोरी, मी मूर्ख आहे. मी तिला लिहिलं, तुम्हीच जा. आता असं लिहिलं की समोरच्यानं म्हणायचं असतं, छे छे, तुम्हीच जा. मग आपण म्हणायचं, नाही हो, तुमचाच मान. मग समोरच्यानं म्हणायचं, माझ्या गळ्याची शपथ, तुम्हीच. आणि मग आपण नाइलाजानं तयार व्हायचं. जगाची रीत आहे ही. तुझ्या आईबापाच्या लग्नात साध्या पहिल्या पंगतीला बसण्यावरून आम्ही दोघी अर्धा तास असं करत उभ्या होतो, लोक जेवून उठले.

आणि या बाईनं काय केलं? हो म्हणाली! पहिल्या फटक्याला! वर टोपी मागितली!

बाळा, तू सात वर्षांची होईपर्यंत तुला मी वाढवलं. तुझी आई कामावर, बाप कामावर, तू माझ्याबरोबर धुलाईखान्यात, चादरींच्या ढिगात झोपलेली. तिथल्या मुकादमीणबाई म्हणायच्या, हिला घडी घालून कपाटात ठेवू नका चुकून. आणि आता तू एवढी मोठी झालीस की वर बसून जगाला हुकूम देतेस, आणि ते मी डोळ्यांनी बघितलं नाही. फोटोत बघितलं, पण फोटोत तू हलत नाहीस. एकदा मला तुला कामावर बघायचंय. एवढंच. समुद्र असला तर असू दे बाजूला.

जूननंतर तू नाहीस. पुढे माझा तरी काय नेम. गुडघे म्हणतात, आम्ही आहोत तोवर जा.

पण आता जीभ चावून काय होणार. तिला नीट जेवायला घाल. उपाशी ठेवू नकोस माझ्यासाठी म्हणून.

तुझी,
आजी

२५ मार्च

आजी,

शपथ मोडली. घे रागवून.

पत्र वाचलं आणि त्याच संध्याकाळी तिकडच्या आजीला फोन केला. सगळं सांगितलं, चादरींपासून टोपीपर्यंत. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला विचार करायला हवा," आणि फोन ठेवला. म्हणजे तिच्या मानानं फारच बोलली.

आजी, या खुर्चीवर पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक गोष्ट शिकवतात. बुडणारा माणूस ओरडत नाही. लोकांना वाटतं, हात हलवेल, हाका मारेल. तसं नसतं. तो गप्प असतो, तोंड नुसतं वरखाली करतो, आणि काठावरचे समजतात की मजेत आहे. म्हणून आम्ही ओरडणाऱ्यांकडे कमी आणि गप्प असणाऱ्यांकडे जास्त बघतो.

तू "तुम्हीच जा" म्हणत होतीस तेव्हा अशीच दिसत होतीस मला. मग शिट्टी वाजवायला नको?

घरमालकिणीला मी परत विचारलं. ती म्हणते, एक म्हणजे एक. माझ्याच्यानं एवढंच झालं. पुढचं तुम्ही दोघी बघा, आणि या वेळी खरं बोला गं.

आणि तिकडच्या आजीनं आधीच्या पत्रात तुझा प्रश्न कळवला होता, त्याचं उत्तर: पाय लोंबकळत नाहीत. खुर्चीला पाय ठेवायला फळी आहे.

भिंगरी

८ एप्रिल

विहीणबाई यांस,

नातीने फोनवर सर्व सांगितले.

मी छत्तीस वर्षे साहेबांनी सांगितलेले टाइप केले. साहेब जे म्हणाले तेच कागदावर उतरवायचे, एक शब्द इकडे नाही, एक शब्द तिकडे नाही. त्यांच्या मनात काय आहे हे बघणे माझे काम नव्हते. त्यामुळे लिहिलेले वाचता येते. न लिहिलेले वाचायला मला कोणी शिकवले नाही. पंगतीच्या वेळीही मला खरेच वाटले होते की तुम्हाला भूक नाही.

आता मी स्पष्ट लिहिते. मला जायचे आहे. तुमच्यासाठी मी माघार घेणार नाही, कारण माझे मन मारून मी तुम्हाला पाठवले तर पुढची दहा वर्षे मी तुमच्याशी तिरसटपणे वागेन, आणि ते तुम्हाला परवडणारे नाही. तुम्हालाही जायचे आहे. तुम्ही माघार घेतलीत ती खोटी होती, म्हणून ती रद्द धरली आहे.

भांडण खोलीचे आहे. भिंगरीचे नाही, समुद्राचे नाही. म्हणून मी त्या शहरातल्या लॉजांना पत्रे टाइप केली. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. एकाने उत्तर दिले ते कोणत्या भाषेत आहे हे आमच्या पोस्टमनलाही कळले नाही. एका बाईचे मात्र आपल्याला समजेल असे आले, बहुधा कुणाकडून तरी लिहून घेतलेले. समुद्राला लागून असलेल्या गल्लीत तिचा लॉज आहे. तळमजल्यावर खोली, जिना नाही, दोन खाटा, एक खिडकी. खिडकीतून पाणी दिसते. मी होकार देऊन टाकला आहे.

तुम्ही येणार काय? उत्तर फक्त हो किंवा नाही असे द्यावे. "तुम्हीच जा" हे उत्तर धरले जाणार नाही.

चष्म्याच्या काड्या प्लास्टिकच्या आहेत.

विहीण

१२ एप्रिल

विहीणबाई,

हो. हो. हो. आणि जागा उरली म्हणून आणखी एकदा, हो!

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की तुमची लेक बघायला आली. पंगतीच्या वेळी भूक नव्हती म्हणे! अहो, मी सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं. जाऊ दे. एवढी वर्षं मी तुम्हाला शिष्ट समजत होते, आणि तुम्ही नुसत्याच सरळ निघालात. सरळ माणूस ओळखायला वेळच लागतो, कारण आपण वाकडं शोधत बसतो.

पण एक धोंड आहे वाटेत. तुमचे जावई.

काल जेवताना मी सांगितलं, मी आणि विहीणबाई समुद्रावर चाललो. माझा लेक घास तसाच हातात धरून म्हणाला, "कोण कोण?" मी म्हटलं, "आम्ही दोघी." "आणि कोण?" "आणि आमचे चार गुडघे." तुमची लेक हसली. तो नाही हसला.

"आई, ते काय आपलं गाव आहे का? माणसं परकी, भाषा परकी. तू रस्ता चुकलीस तर विचारशील कुणाला?"

"ज्याला रस्ता माहीत असेल त्याला."

"आणि पडलीस तर?"

"तर वाळूत पडेन. इथं फरशीवर पडते."

मग म्हणाला, पुढच्या वर्षी आपण सगळेच जाऊ, व्यवस्थित, मी रजा काढतो. पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी तिथं समुद्र असेल, भिंगरी नसेल. मी तसं म्हटलं, तर उठला आणि माझी प्रवासाची पिशवी कपाटाच्या माथ्यावर नेऊन ठेवली. हात पोचणार नाही अशी. पन्नाशीला टेकलेल्या पोरानं! लहानपणी मी त्याचा भोवरा असाच वर ठेवायचे, त्याचं उट्टं काढलं बहुतेक.

वाईट नाही हो तो. घाबरट आहे. बापावर गेलाय. त्याच्याशी भांडून निघणं मला जमायचं नाही, आणि न भांडता तो ऐकायचा नाही. तुमच्या लेकीला विचारलं तर ती म्हणते, "मी दोघांच्या मध्ये पडणार नाही," आणि भांडी जोरजोरात घासते. म्हणजे ती माझ्या बाजूची आहे.

आता काय करू? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा.

विहीण

१५ एप्रिल

विहीणबाई यांस,

रविवारी सकाळी मी स्वतः येते, सामान घेऊन.

तुम्ही सांगितलेत तर ते आईचे बोलणे होते. आईला नाही म्हणता येते. सासू दारात उभी राहून म्हणाली की तिला सोबत हवी आहे, तर जावयाला नाही म्हणता येत नाही. निदान माझ्या तरी नाही.

तुम्ही एक अक्षरही बोलू नका. हे तुम्हाला अवघड आहे याची मला कल्पना आहे.

टोपी आणावी.

विहीण

२८ एप्रिल

सूनबाईस आणि तिच्या नवऱ्यास,

दोघांना एकच पत्र. एकानं मोठ्यानं वाचा, दुसऱ्यानं मध्येमध्ये बोलू नये.

आधी तुझ्या नवऱ्याचं सांगते, मग समुद्राचं. रविवारी तुझी आई दारात उभी राहिली, हातात ती खाकी पेटी, आणि म्हणाली, "जावईबापू, मला एकटीनं जायला भीती वाटते, विहीणबाई सोबत आल्या तर तुमचे उपकार होतील." भीती! त्या बाईला! माझा लेक बसला होता तो उभा राहिला, "सासूबाई, उपकार कसले" म्हणाला, आणि स्वतः स्टुलावर चढून माझी पिशवी खाली काढली. वर पुसूनही दिली. मी तोंडावर हात ठेवून बसले होते. तुला वाटलं मला भरून आलं. हसू आवरत होते गं.

आता हे गाव. काय सांगू! मी विहीणबाईंना भीती घालायला जे जे खोटंनाटं लिहिलं होतं ते सगळं खरं निघालं आणि सगळंच चांगलं निघालं. कोपऱ्यावर खरंच ढोल वाजतो. त्याच्या पुढं एक म्हातारा काळी लांब पिपाणी फुंकतो, गाल असे फुगतात की वाटतं आता उडून जाईल. न्हावी एका मुलखाचा, पाववाला दुसऱ्या मुलखाचा, आणि दोघं रोज सकाळी तिसऱ्याच मुलखाच्या भाषेत भांडतात. मग एकत्र चहा पितात. इथं कुणीच इथलं नाही, म्हणून सगळे इथलेच आहेत. मला कुणी परकं म्हणालं नाही. रस्ता चुकले होते मी, दोनदा. ज्याला माहीत होता त्याला विचारला. हातवाऱ्यांनी. एक बाई घरापर्यंत सोडायला आली आणि वाटेत तिनं मला तिच्या सुनेची सगळी तक्रार ऐकवली. भाषा कळली नाही, पण सुनेचीच होती, ते काय कळत नाही होय!

खोली झकास. खाटा दोन, पण खिडकीशी एकच. विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही घ्या खिडकीची." माझ्या जिभेवर आलं होतं, छे छे, तुम्हीच. गिळलं. म्हटलं, घेते. त्यांनी लगेच आपली पेटी दुसऱ्या खाटेखाली सरकवली, तोंड वाकडं नाही की काही नाही. किती सोपं असतं गं हे! मला कुणी आधी का नाही सांगितलं?

लॉजची मालकीण आमच्याएवढीच आहे. तिला आमची बोली येत नाही, आम्हाला तिची. दुसऱ्या दिवशी ती अंगणात एकटीच चादर घडी करत होती, एक टोक दाताखाली, एक हनुवटीखाली. मला बघवेना. जाऊन दुसरं टोक धरलं. चादर ही दोन माणसांची वस्तू आहे. ओढ, झटक, जवळ ये, टोकं दे, मागे जा. तिला सगळं ठाऊक होतं. आम्ही अख्खी दोरी रिकामी केली आणि शेवटी ती खो खो हसत होती, मीही. विहीणबाई बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे नाचासारखं दिसतं." मग त्यांनाही एक टोक दिलं. त्यांनी घडी इतकी काटकोनात घातली की मालकिणीनं ती चादर वेगळी काढून ठेवली, दाखवायला.

बरं, भिंगरी. त्यासाठीच तर आले.

सकाळी आम्ही वाळूत जाऊन बसलो, निळी टोपी माझ्याच डोक्यावर. खुर्ची खरंच उंच आहे. आणि वर आपली पोर. लाल बंडी, केस बांधलेले, पाठ ताठ. मी हात केला, तिनं मान हलवली, जरा, नखाएवढी. मला रागच आला. म्हटलं, आजी एवढ्या लांबून आली आणि हिला खाली यायला नको? विहीणबाई म्हणाल्या, "ती कामावर आहे." मी म्हटलं, ते ठीक, पण ती करते काय? नुसती बसलीय! तासभर बघत होते, कुणी बुडेना. आता बुडा म्हणून सांगता येतं का लोकांना?

मग आम्ही पाण्यात गेलो. जपून, हातात हात धरून, तुझा नवरा उगाच उठून उभा राहील म्हणून आधीच सांगते. गार गार पाणी पावलांना, मग पोटऱ्यांना. आणि काय सांगू सूनबाई, पाण्यात माझे गुडघे दुखेनात. एवढ्या वर्षांनी गप्प बसले. मी आणखी पुढं गेले, ते आणखी गप्प. लाट आली की वर उचलायची आणि अलगद ठेवायची, आपण कापसाचे असल्यासारखे. मी हसत होते, विहीणबाईंचा अंबाडा सुटला होता आणि त्या ओरडत होत्या, "आणखी एक आली! आणखी एक!" अशा बाईला तू कधी ओरडताना ऐकलंयस? वाळूत दोन लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या मधल्याच पाण्यात राहायचं असतं. हे आम्हाला माहीत होतं. पण झेंडे हलले की आम्ही हललो, कोण जाणे.

तेवढ्यात शिट्टी वाजली. अशी वाजली की दात शिवशिवले.

मी म्हटलं, "कुणाला गं बाई ही?"

विहीणबाई म्हणाल्या, "आपल्याला."

वळून बघते तर भिंगरी खुर्चीवर उभी, हातात तो कर्णा, आणि आधी तिकडच्या भाषेत काहीतरी कडकडली. मग आपल्या भाषेत. सगळा किनारा ऐकतोय, आणि ही म्हणते, "निळ्या टोपीच्या बाई! अंबाडा सुटलेल्या बाई! झेंड्यांच्या आत या! आत्ताच्या आत्ता!"

मी हात वर करून ओरडले, "अगं, मी आहे मी!"

"दिसतंय! मागे फिरा!"

बाई म्हणाली मला! सख्ख्या आजीला! आणि मी मागे फिरायला गेले तर पाणी फिरू देईना, आतल्या आत ओढत होतं. ते मला कळायच्या आधी तिला कळलं होतं. ती खुर्चीवरून उतरली कधी, धावली कधी, मी बघितलंच नाही. माझी पापणी लवली असेल नसेल, एक हात माझ्या काखेत आणि एक विहीणबाईंच्या. म्हणाली, "पाण्याशी भांडू नका, माझ्याबरोबर आडव्या चला." तिला धापसुद्धा लागली नव्हती. हात कसला, लोखंड! जो हात धरून मी तिला चालायला शिकवलं, त्या हातानं मला धरून चालवलं. वाळूवर आणून बसवलं, नाडी बघितली दोघींची, आणि मग जी झापली! कमरेवर हात ठेवून! नियम सगळ्यांना एकच, आजी असो की राणी असो. पुन्हा झेंड्याबाहेर दिसलात तर दिवसभर पाण्याला हात लावू देणार नाही.

भोवती ही गर्दी. किती रंगांची माणसं, सगळी टाळ्या वाजवायला लागली. एका उघड्याबंब म्हाताऱ्यानं भिंगरीकडं बोट दाखवून मला खुणेनं विचारलं, ही कोण तुमची? मी आणि विहीणबाई एकदम ओरडलो, "माझी!" आणि एकमेकींकडं बघितलं, पण दोघींपैकी कुणी मागे घेतलं नाही.

भिंगरी परत वर चढून बसली. आमच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही, नजर पाण्यावर. आणि मग मला कळलं ती दिवसभर काय करते. ती बसलेली नसते गं. ती सगळ्यांना मोजत असते. मी आले होते तिला कामावर बघायला, आणि बघितलं, तेही बुडत्याच्या जागी उभी राहून! असा मान कुणाच्या आजीला मिळाला असेल? संध्याकाळी शिट्टी उतरवल्यावर मात्र माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली थोडी. तेही तिनं काम संपल्यावर केलं. शिस्त आहे पोरीला.

आता शेवटचं. आठवडा संपतोय, पण मालकीणबाईंनी खोली आणखी एक आठवडा आम्हालाच ठेवलीय. आम्ही राहतोय. विचारत नाही, कळवतेय. लेकाला सांग, गुडघे बरे आहेत, काळजी करायची तर स्वतःच्या पोटाची कर, वाढलंय.

तुमची,
आई

ता. क. विहिणीचा मजकूर:

वरील सर्व वाचले. बरोबर आहे. एक दुरुस्ती. जावईबापूंना काळजी वाटू नये म्हणून यात पाण्याची खोली लिहिलेली नाही. ती छातीपर्यंत होती, आणि आणखी पुढे जायचे माझ्या मनात होते.